सफरचंदाच्या मुळांची साल आणि मूत्रपिंडातली साखर

जून उजाडला की शिवाजी पार्कला सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांत जांभळाच्या रसाची चर्चा सुरू होते. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर तो निरोप येतो: जांभळाच्या बियांची पूड घ्या, मधुमेहाच्या गोळ्या बंद करा. या निरोपाचा मला मनापासून राग येतो. जांभळं खुशाल खावीत, रस काढून चोथा फेकण्यापेक्षा अख्खी खावीत. पण बियांच्या पुडीचे माणसांवरचे प्रयोग छोटे आणि तोकडे आहेत. तिच्या भरवशावर टाइप १ मधुमेहाच्या (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही) रुग्णाने इन्सुलिन सोडलं, तर जिवावर बेततं.

फळझाडातल्या रसायनावरून मधुमेहाचं खरंखुरं औषध घडलं आहे, ते सफरचंदाच्या झाडामुळे. १८३५ मध्ये युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या मुळांच्या सालीतून एक कडू पदार्थ वेगळा केला. त्याचं नाव फ्लोरिझिन. १८८६ मध्ये जर्मन वैद्य योझेफ फॉन मेरिंग यांनी तो कुत्र्यांना दिला, तेव्हा लघवीतून भरपूर साखर जाऊ लागली. रक्तातली साखर मात्र वाढलेली नव्हती!

हे कसं घडतं ते पाहण्यासारखं आहे. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. रक्तातली साखर १०० असेल, तर दर लिटरमागे एक ग्रॅम, म्हणजे १८० ग्रॅम ग्लुकोज रोज गाळण्यातून पलीकडे जातं. शरीर ते जवळपास सगळं परत घेतं. त्यातलं ९० टक्के काम एसजीएलटी-२ नावाचं प्रथिन करतं. मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांच्या पेशींत ते बसलेलं असतं. पेशीच्या आत सोडियम कमी आणि बाहेर जास्त असतं, त्यामुळे सोडियम आत ओढलं जातं. हे प्रथिन सोडियमच्या एका आयनाबरोबर ग्लुकोजचा एक रेणू आत घेतं.

फ्लोरिझिनच्या एका टोकाला ग्लुकोजच असतं, म्हणून प्रथिन त्याला धरतं. पण मागे फ्लोरेटिनचं मोठं शेपूट असतं. मोठं बोचकं घेऊन लोकलच्या दारात अडकलेल्या माणसासारखा हा रेणू आतही जात नाही आणि दुसऱ्यालाही जाऊ देत नाही.

मग सफरचंदाची सालच का चघळू नये? कारण फ्लोरिझिनमध्ये ग्लुकोज आणि शेपूट ऑक्सिजनने जोडलेले असतात, आणि लहान आतड्यात दुधातली साखर तोडणारं लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) तो जोडही तोडतं. रक्तात फ्लोरिझिन फारसं पोचतच नाही. रसायनशास्त्रज्ञांनी ऑक्सिजनचा तो दुवा काढून ग्लुकोज थेट कार्बनला जोडलं आणि शेपटाची घडणही बदलली. या जोडापुढे विकराचं काही चालत नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं याच घडणीची. अमेरिकेत २०१४ मध्ये दोन्हींना मान्यता मिळाली, आणि आज मुंबईत कुठल्याही केमिस्टकडे ती चिठ्ठीवर मिळतात. पुढे हृदय निकामी होण्याच्या आजारातही त्यांचा उपयोग सिद्ध झाला.

गोळीने सगळी साखर मात्र बाहेर जात नाही. नलिकेत पुढे एसजीएलटी-१ हे तसंच दुसरं प्रथिन असतं, ते सुटलेलं बरंचसं ग्लुकोज उचलतं. बाकीचं लघवीत उतरतं, म्हणून जननेंद्रियांना बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. ही गोळी घेणाऱ्याच्या लघवीच्या रिपोर्टमध्ये साखर दिसणारच. तेवढ्यावरून मधुमेह बळावला असं समजून घाबरू नये. मात्र ऑपरेशन ठरलं असेल किंवा कडक उपास करायचा असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावं. अशा वेळी रक्तात कीटोन (चरबी जळताना बनणारे पदार्थ) साठून आम्लता वाढू शकते, आणि तेव्हा रक्तातली साखर फार चढलेली नसल्याने ते चटकन लक्षातही येत नाही.