रानातली सुरी

डोंगरभटकंतीत, जंगलातल्या मुक्कामात किंवा वाट चुकून रात्र उघड्यावर काढावी लागली तर उपयोगी पडावी म्हणून सोबत बाळगली जाणारी, न मिटणाऱ्या पात्याची आणि म्यानात राहणारी लहान सुरी. बाजारात आणि ट्रेकर मंडळींच्या बोलण्यात ती ‘सर्व्हायव्हल नाइफ’ किंवा नुसती ‘नाइफ’ म्हणून ओळखली जाते. स्वयंपाकघरातल्या सुरीपेक्षा तिचे पाते जाड व मूठ भक्कम असते, तर कोयत्यापेक्षा ती पुष्कळच हलकी असते. या दोहोंच्या मधली तिची जागा नीट ध्यानात घेतली, की पहिली सुरी निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका टळतात.

अशा सुरीची खरी कामे अगदी साधी असतात. दोरी कापणे, तंबूच्या खुंट्या तासणे, पावसात भिजलेल्या काटकीची साल काढून आतला कोरडा गाभा उघडा करणे, पेटवणासाठी बारीक ढलप्या काढणे, कांदा-काकडी चिरणे आणि प्रसंग पडलाच तर जखमेवर बांधायला कापडाची पट्टी काढणे, यांतच तिचा दिवस जातो. नवशिक्याच्या डोळ्यांपुढे मात्र बहुधा झाड पाडणारे, जनावराशी झुंजणारे एखादे शस्त्र असते. १९८० च्या दशकात हॉलिवूडच्या मारधाडपटांनी हे चित्र पक्के केले आणि पोकळ मुठीत गळ व काड्या, मुठीच्या झाकणात होकायंत्र, पात्याच्या पाठीवर करवतीचे दाते अशा सुऱ्यांची लाट आली. त्यांच्या स्वस्त नकला अजूनही विकल्या जातात आणि पहिली खरेदी बऱ्याचदा त्यांचीच होते. त्यांत पाते मुठीच्या तोंडाशीच संपत असल्याने जोर पडताच ते तिथेच निखळते किंवा मोडते. पाठीवरचे दाते लाकडात रुतून बसतात, पण लाकूड कापत नाहीत. होकायंत्राबद्दल तर बोलायलाच नको, कारण पोलादाला खेटून असलेली चुंबकसुई भरवशाची राहत नाही.

अवजड सुऱ्यांविषयीची ही तक्रार नवी नाही. अमेरिकेतील वनभटकंतीचे जाणकार होरेस केफार्ट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच अशा सुऱ्यांची थट्टा केली होती. त्यांच्या पसंतीच्या सुरीचे पाते सव्वाचार इंच लांब, एक इंच रुंद आणि पाठीला अष्टमांश इंच जाड होते. शंभरावर वर्षांनी स्वीडनमधल्या मोरा येथील कारखान्याने काढलेल्या ‘गारबर्ग’ या सुरीचे पाते सुमारे १०९ मिमी. लांब व ३.२ मिमी. जाड आहे, म्हणजे माप जवळजवळ तेच. अंगठा व तर्जनी यांच्या पकडीतून टोकावर ताबा राहावा आणि तरीही मनगटाएवढे लाकूड हाताळता यावे, असे हे माप आहे, आणि ते वापरातून ठरले आहे. नवशिक्याने ९ ते ११ सेंमी. लांबीचे आणि २.५ ते ३.२ मिमी. जाडीचे पाते घ्यावे. पाच-सहा मिमी. जाडीचे पाते दुकानात हाती घेतले की दणकट वाटते खरे, पण मुक्कामी कांदा चिरायला बसले की तो चिरला न जाता पाचरीने फोडल्यासारखा दुभंगतो, आणि तेच पाते लाकडातही हट्टाने अडते.

मोरा हे गाव मध्य स्वीडनमधल्या डालार्ना प्रांतात, सिल्यान सरोवराच्या काठी आहे. त्याच्या शेजारच्या ओस्टनूर या खेड्यात फ्रॉस्ट-एरिक एर्सन यांनी १८९१ साली लाकूड वाहणाऱ्या घसरगाड्यांचा कारखाना काढला आणि त्याच्या जोडीने सुऱ्या बनवायला सुरुवात केली. त्याच परंपरेतून आजची ‘मोराक्निव्ह’ ही कंपनी आली. तिथे ही सुरी सुतार, नळकाम करणारे, कोळी आणि शेतकरी कमरेला लावतात, तिच्यात शौकाचा भाग थोडाच. या कंपनीच्या ‘कम्पॅनियन’ या साध्या नमुन्यात पात्याचा मुठीत शिरलेला भाग पूर्ण टोकापर्यंत जात नाही आणि मूठ प्लास्टिकची असते, तरीही पहिली सुरी म्हणून जगभर तिचीच शिफारस होत आली आहे. पाते मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध गेलेले असणे अधिक मजबूत हे खरे, मात्र पात्याच्या पाठीवर दांडका मारून ओंडके चिरण्याचा इरादा नसेल, तर अर्ध्यावर थांबलेला पण नीट बसवलेला भागही वर्षानुवर्षे टिकतो. नवशिक्याने इथे फार आग्रही राहू नये. दुर्बल असते ती पोकळ मूठ.

मुठीची परीक्षा दुकानात सुरी हवेत फिरवून होत नाही. हात ओला करून मूठ आवळावी आणि एखादी काठी तासत असल्यासारखा हात पाच मिनिटे चालवून पाहावा. बोटांसाठी खोल खाचा पाडलेली मूठ पहिल्या क्षणी हाताला भरते, पण त्या खाचा दुसऱ्याच कुणाच्या तरी बोटांच्या मापाच्या असतात, आणि पकड बदलावी लागली की त्यांच्या कडा तळव्यात रुततात. साधी, मधे किंचित फुगीर, अंड्याच्या छेदाची मूठ दिसायला मुळीच आकर्षक नसते आणि फोड मात्र तिनेच कमी येतात. पाते व मूठ यांच्यामध्ये तर्जनीला अडवणारा छोटा उंचवटा हवा, कारण ओल्या हाताने टोक लाकडात दाबताना बोटे पुढे घसरून धारेवर जाणे हा नवशिक्यांचा नेहमीचा अपघात आहे.

पोलादाच्या बाबतीत निवड मुख्यतः दोन जातींत असते. कार्बन पोलादाला धार चटकन लागते, आणि पाठीची कड काटकोनी असेल तर तिने आग पेटवण्यासाठीच्या फेरोसेरियम या मिश्रधातूच्या कांडीवरून ठिणग्याही उत्तम झडतात. त्याचा दोष म्हणजे गंज. सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले स्टेनलेस पोलाद गंजाला बराच काळ दाद देत नाही, आणि त्याची पाठ काटकोनी असेल तर तीही कांडीवर तितकीच चालते, कारण ठिणगी कांडीची असते, पात्याची नव्हे. वाद जगभर चालतो, पण सह्याद्रीत बरीच भटकंती पावसाळ्यात होते आणि कोकणची हवा बाराही महिने दमट असते. ओल्या म्यानात रात्रभर राहिलेल्या कार्बनच्या पात्यावर सकाळी तांबूस ठिपके दिसतात, आणि कैरी किंवा लिंबू चिरले की पाते काळवंडते. रोज पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवण्याची सवय ज्याला आहे त्याने कार्बन पोलाद जरूर घ्यावे, इतरांनी स्टेनलेसच. स्वीडनचे १२सी२७ हे नेहमी आढळणारे पोलाद सुमारे ०.६ टक्के कार्बन व १३.५ टक्के क्रोमियमचे असून पहिल्या सुरीसाठी ते पुरेपूर आहे. पोलादाच्या घटकांइतकेच त्याला पाणी कसे दिले आहे, म्हणजे तापवून-थंड करून ते कठीण कसे केले आहे, यालाही महत्त्व असते. रॉकवेल मापावर ५६ ते ६० च्या दरम्यान कठीणपणा असलेले पाते धार टिकवते आणि त्याचे सहज तुकडेही पडत नाहीत. पात्यावर नुसतेच ‘स्टेनलेस’ किंवा ‘सर्जिकल स्टील’ कोरलेले असेल आणि पोलादाचे नाव वा क्रमांक कुठेच नसेल, तर त्या कोरीव अक्षरांवरून काहीच कळत नाही.

धारेचा आकार हा नवशिक्याने सर्वांत अधिक लक्ष द्यावे असा भाग आहे आणि नेमके त्याकडेच दुर्लक्ष होते. स्कँडिनेव्हियन धाटणीच्या पात्यात पाठीकडून येणारी सपाट बाजू एका ठळक रेषेशी थांबते आणि तिथून धारेपर्यंत एकच रुंद उतार जातो. हाच उतार शिकणाऱ्याचा गुरू होतो. निसण्यावर पाणी टाकून पाते आडवे ठेवले आणि बोटाने अलगद दाबले, की उतार दगडाला पूर्ण टेकल्याचे हाताला आपोआप कळते, कोन अंदाजाने धरावा लागत नाही. शंका असल्यास उताराला मार्कर पेनाने रंग द्यावा आणि चार हात घासून पाहावे, जिथे शाई उरली तिथे दगड पोचलेला नाही. घासता घासता धारेच्या दुसऱ्या बाजूला अंगठ्याला खरखरीत अशी बारीक कड लागते, ती मुठीपासून टोकापर्यंत सलग जाणवली की बाजू पालटावी. शेवटी कातडी पट्ट्याच्या आतल्या अंगावर पाते उलट दिशेने दहा-वीस वेळा ओढले, की ती कड गळून पडते आणि वर्तमानपत्राचा कागद फाटण्याऐवजी सुळकन कापला जातो. आधी ४०० ग्रिटच्या आसपासचा खरबरीत आणि मग १,००० च्या आसपासचा बारीक दगड एवढे सामान पुरे होते (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितके दगडाचे कण बारीक). अर्ध्या पात्याला दाते असलेली सुरी दोर झटकन कापते, पण ते दाते अशा सपाट दगडावर लावता येत नाहीत, आणि बोथटल्यावर सुरीचा तो अर्धा भाग वाया जातो.

म्यानाविषयी थोडक्यात सांगायचे, तर उलटे धरून हलवले तरी सुरी पडू नये आणि तळाशी पाणी निथळायला भोक असावे. कातडी म्यान देखणे असते, पण पावसाळ्यात ते ओलावा धरून ठेवते, म्हणून सुरी घरी ठेवताना त्यात ठेवू नये.

मिटणारा चाकू हा काही कमी प्रतीचा पर्याय नव्हे. फ्रान्सच्या साव्वा (सॅव्हॉय) या प्रदेशात १८९० पासून बनणारा ओपिनेल किंवा स्विस सैनिकांना १८९१ पासून मिळत आलेला बहुउपयोगी चाकू एका दिवसाच्या ट्रेकची सगळी कामे करतो, खिशात मावतो आणि बघणाऱ्याला बिचकवत नाही. ओपिनेलमध्ये पाते अडवणारी फिरती कडी १९५५ साली आली. स्विस चाकूच्या अनेक लहान नमुन्यांत पाते अशा रीतीने अडत नाही, त्यामुळे टोक दाबण्याच्या कामात तो बोटांवर मिटण्याचा धोका असतो.

सह्याद्रीच्या संदर्भात कोयत्याचा विचार टाळता येत नाही. ठाकर, कातकरी, महादेव कोळी माणसाच्या कमरेच्या आकडीत अडकवलेला कोयता कारवी तोडण्यापासून नारळ सोलण्यापर्यंत सारे काही करतो, आणि गावचा लोहार तो बरेचदा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून घडवतो. ते पोलाद उत्तमच असते. मात्र कोयता हातोडीसारखा झोकाने चालवायचे हत्यार आहे, त्याचा नेम चुकला तर तो नडगीवर येतो. लहानपणापासून हात बसलेल्या वाटाड्याकडे तो असला की ट्रेकरच्या सुरीला तोडकाम उरतच नाही. जाड आणि लांब सुरी हवी असे वाटण्यामागचे मुख्य कारणच त्यामुळे नाहीसे होते.

भारतात सुरी बाळगण्याविषयीचे नियम तिच्या मापाशी आणि जागेशी निगडित आहेत. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत मोडतात, त्यांत खुकरीचा नावाने उल्लेख आहे, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक उपयोगासाठी घडवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. वर सुचवलेली सुरी या मापाच्या निम्म्याहूनही लहान भरते. पण ट्रेकरला खरा अडसर येतो तो दुसरीकडून. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शस्त्राच्या व्याख्येत सुऱ्यांचाही समावेश आहे आणि लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्रासह प्रवेश करण्यास मनाई आहे. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर आणि कोयनेच्या रानातला वासोटा ही ट्रेकरांची आवडती ठिकाणे अभयारण्यांतच येतात, तेव्हा तिथे जाताना सुरी घरी ठेवणे किंवा नाक्यावर वनरक्षकाला आधीच विचारणे हेच शहाणपणाचे. राखीव जंगलात आग पेटवण्यावरही भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार निर्बंध आहेत, त्यामुळे ढलप्या काढून शेकोटी करण्याचा सराव आपल्या किंवा ओळखीच्या माणसाच्या शेतावर करावा. शहरांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी निघणाऱ्या मनाई आदेशांत सुऱ्या बाळगणे येते, म्हणून एस.टी. वा रेल्वेच्या प्रवासात सुरी कमरेला न लावता सॅकच्या तळाशी गुंडाळून ठेवावी. विमानात ती हातातल्या सामानात चालत नाही, वजन करून द्यायच्या सामानातच द्यावी लागते.

सुरी चालवायला शिकताना बसण्याची जागा आधी ठरवावी. हात लांब करून भोवती फिरवला असता त्याच्या टप्प्यात दुसरे कुणी नसावे. कोपरे गुडघ्यांवर टेकवून, गुडघ्यांच्या पलीकडे, अंगापासून दूर तासावे. मांड्यांच्या मधे कधीही तासू नये, कारण मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रोहिणी जाते आणि ती कापली गेली तर रक्त थांबवायला फारच थोडा वेळ मिळतो. पहिला धडा म्हणून अंगठ्याएवढी वाळकी काठी घेऊन तिच्यावर न तुटणाऱ्या, टोकाशी कुरळ्या होणाऱ्या ढलप्या एकापुढे एक काढाव्यात. सुरुवातीला त्या तुटून मांडीवर पडतात. पाते किंचित आडवे धरून दंडाऐवजी खांद्यातून लोटले, की पिसाऱ्यासारखा झुपका काठीला लटकून राहू लागतो. काम थांबले की सुरी म्यानात जायला हवी, जमिनीत खुपसून ठेवू नये. मातीतले खडे धार घालवतात आणि अंधारात तिथे कुणाचा तरी पाय पडतो. सुरी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देऊ नये, खाली ठेवावी आणि दुसऱ्याने उचलावी, नाहीतर भांडण होते, असे घराघरांत सांगितले जाते. ओल्या हातांच्या मुक्कामावर हा संकेत भांडणाची भीती न बाळगताही पाळावा.