वेग कळला, अंतर अडले : कृष्णविवरांच्या वस्तुमानमापनाची पार्श्वभूमी

कृष्णविवराचे वस्तुमान काढायचे तर त्याच्याभोवती फिरणाऱ्या एखाद्या ताऱ्याचा किंवा वायूचा वेग आणि त्याचे कृष्णविवरापासूनचे अंतर या दोन राशी लागतात. वेगाच्या वर्गाला अंतराने गुणून गुरुत्व-स्थिरांकाने भागले की उत्तर येते. सूत्र शाळकरी मुलालाही समजेल असे आहे. यातला वेग वर्णपटातल्या रेषा किती सरकल्या यावरून कळतो आणि ती विद्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून खगोलशास्त्रज्ञांच्या हाती आहे. अंतर मात्र सहजासहजी सापडत नाही. गेल्या पन्नासेक वर्षांत डोंगरमाथ्यांवरच्या मोठ्या दुर्बिणींनी या विषयात जी खटपट केली, तिच्यातला मोठा वाटा या दुसऱ्या राशीपायी खर्ची पडला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मूळ कल्पना कृष्णविवर या शब्दाहून कितीतरी जुनी आहे. इंग्लिश धर्मोपदेशक आणि निसर्गशास्त्रज्ञ जॉन मिचेल यांचा एक निबंध १७८३ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. सूर्याइतकीच घनता पण पाचशे पट व्यास असलेल्या ताऱ्याचे गुरुत्व स्वतःचा प्रकाशही सुटू देणार नाही, असे त्यांनी त्यात मांडले होते. असा तारा दिसणार नाही. पण त्याच्याभोवती एखादी तेजस्वी वस्तू फिरत असेल तर तिच्या हालचालीवरून त्याचे अस्तित्व ताडता येईल, अशी पुस्तीही त्यांनी जोडली होती. आजही पद्धत तीच आहे.

ती प्रत्यक्षात आली १९७१-७२ मध्ये. हंस तारकासमूहातल्या ‘सिग्नस एक्स-१’ या क्ष-किरण स्रोताच्या जागी एक निळा महाकाय तारा दिसत होता. इंग्लंडमधील हर्स्टमन्सू येथे त्या वेळी असलेल्या ९८ इंची आयझॅक न्यूटन दुर्बिणीतून लुईस वेबस्टर आणि पॉल मर्डिन यांनी, तर कॅनडातील टोरांटोजवळच्या डेव्हिड डनलॅप वेधशाळेच्या ७४ इंची दुर्बिणीतून टॉम बोल्टन यांनी त्याचे वर्णपट घेतले, आणि हा तारा कुठल्यातरी न दिसणाऱ्या सोबत्याभोवती ५.६ दिवसांत फेरी मारतो असे दोन्हीकडे आढळले. येथे अंतर आवर्तनकालावरून काढावे लागते आणि पंचाईत तेथेच होते. कक्षा आपल्या दृष्टिरेषेशी किती कललेली आहे आणि दिसणाऱ्या ताऱ्याचे स्वतःचे वस्तुमान किती, हे ठाऊक नसेल तर हाती लागते ती केवळ किमान मर्यादा. त्यामुळे या स्रोताबद्दलचा वाद बरीच वर्षे धुमसत राहिला. १९९२ मध्ये ला पाल्मा बेटावरच्या ४.२ मीटर विल्यम हर्शेल दुर्बिणीने ‘व्ही ४०४ सिग्नी’ या जोडीतल्या अदृश्य घटकाची किमान मर्यादाच सूर्याच्या सहा पटींहून अधिक दाखवली. न्यूट्रॉन तारा, म्हणजे मृत ताऱ्याचा उरलेला अतिघन गाभा, साधारण तीन सूर्यांपलीकडे टिकू शकत नसल्याने तेथे शंकेला फारशी जागा उरली नाही.

सिग्नस एक्स-१ चे पुढे काय झाले, तेही येथेच सांगायला हवे. २०११ मध्ये त्याचे वस्तुमान सुमारे १५ सूर्यांइतके ठरले होते. २०२१ मध्ये ते २१ वर गेले. कृष्णविवरात मधल्या काळात काही पडले नव्हते. रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने त्याचे आपल्यापासूनचे अंतर नव्याने मोजले, ते सहा हजारांऐवजी ७,२०० प्रकाशवर्षे भरले आणि त्याबरोबर सगळा हिशेब वर सरकला.

दीर्घिकांच्या केंद्रांतल्या महाकाय कृष्णविवरांची कथा वेगळ्या वाटेने सुरू झाली. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी पालोमारच्या पाच मीटर दुर्बिणीतून मिळालेल्या ‘३सी २७३’ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या स्रोताच्या वर्णपटातल्या अनोळखी रेषा म्हणजे १६ टक्क्यांनी सरकलेल्या हायड्रोजनच्याच ओळखीच्या रेषा आहेत, हे ओळखले. एवढ्या दूरवरून एवढे तेज येते म्हणजे मागे प्रचंड वस्तुमान हवे. असे क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रे, विझल्यावर उरलेली कृष्णविवरे आपल्या शेजारच्या दीर्घिकांच्या पोटात असली पाहिजेत, हा तर्क डोनाल्ड लिंडेन-बेल यांनी १९६९ मध्ये मांडला. ती शोधायची तर केंद्राच्या इतके जवळ पाहायला हवे, की जेथे ताऱ्यांच्या एकत्रित गुरुत्वापेक्षा कृष्णविवराचे गुरुत्व वरचढ ठरते. बहुतेक दीर्घिकांमध्ये हा प्रदेश आकाशात एका विकलेहूनही लहान दिसतो. विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. एक सेंटीमीटरची वस्तू दोन किलोमीटरवरून पाहिली तर जेवढी दिसेल, जवळपास तेवढा कोन. आणि उत्तम जागी बांधलेल्या दुर्बिणीतही वातावरणाच्या थरथरीने ताऱ्याची प्रतिमा अर्धी ते एक विकला पसरतेच, आरसा कितीही मोठा असो.

कन्या तारकासमूहाच्या दिशेची ‘एम ८७’ ही दीर्घिका या बाबतीत सोयीची, कारण तिच्यात तो प्रदेश एका विकलेहून मोठा आहे. वॉलेस सार्जंट, पीटर यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये केंद्राकडे ताऱ्यांच्या वेगांची पांगापांग वाढत जाते हे दाखवून तेथे पाच अब्ज सूर्यांएवढे वस्तुमान असल्याचा दावा केला. आक्षेप लगेच आला आणि तो रास्त होता. तारे वर्तुळाऐवजी लांबट कक्षांत केंद्राकडे झेपावत असतील, तर कृष्णविवर नसतानाही तेवढीच पांगापांग दिसेल. देवयानी दीर्घिकेच्या बाबतीत हा संशय लवकर मिटला. १९८८ मध्ये पालोमारवरून ॲलन ड्रेसलर आणि डग्लस रिचस्टोन यांनी, तर मौना केआ या शिखरावरच्या कॅनडा-फ्रान्स-हवाई दुर्बिणीवरून जॉन कॉरमेंडी यांनी केंद्राजवळचे जलद भ्रमण स्वतंत्रपणे दाखवले.

एम ८७ मात्र अजून पुरती वठणीवर आलेली नाही. हबल दुर्बिणीने १९९४ मध्ये तिच्यातल्या फिरत्या वायूच्या तबकडीवरून २.४ अब्ज हा आकडा दिला. २००९ मध्ये कार्ल गेबहार्ट आणि येन्स थॉमस यांनी ताऱ्यांच्या प्रतिरूपात दीर्घिकेभोवतीच्या कृष्णद्रव्याचा, म्हणजे न दिसणाऱ्या, केवळ गुरुत्वातून जाणवणाऱ्या द्रव्याचा समावेश केला, तेव्हा आकडा ६.४ अब्जांवर गेला. कृष्णद्रव्य वगळून तेच गणित केले तर २.४ अब्जच येत होते. म्हणजे निव्वळ गृहीतकाच्या फरकाने अडीच पटींहून अधिक वाढ झाली. जेमिनी नॉर्थ या ८.१ मीटर दुर्बिणीने २०११ मध्ये ६.६ अब्ज सांगितले आणि दोनच वर्षांनी हबलच्या वायूवरच्या नव्या वेधांनी ३.५ अब्ज. २०१९ मध्ये इव्हेंट होरायझन दुर्बिणीने टिपलेल्या, कृष्णविवराभोवतीच्या तेजस्वी वलयाच्या आकारावरून ६.५ अब्ज निघाल्यावर पारडे ताऱ्यांच्या बाजूने झुकले, तरी केक दुर्बिणीच्या वेधांवर आधारलेल्या आणि दीर्घिकेचे तिन्ही अक्ष असमान धरणाऱ्या २०२३ च्या गणिताने पुन्हा ५.४ अब्जांच्या आसपासचा आकडा दिला आहे. वृत्तांमध्ये यांतला एखादा आकडा एकटाच, त्रुटीची मर्यादा न देता छापला जातो, तेव्हा हा सगळा पूर्वेतिहास वाचकापासून दडून राहतो.

वातावरणाची अडचण खऱ्या अर्थाने सुटली ती आपल्या आकाशगंगेच्या केंद्राकडे पाहताना. धनु राशीच्या दिशेचे हे केंद्र सुमारे २७,००० प्रकाशवर्षे दूर आहे आणि मधल्या धुळीमुळे तेथून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी फोटॉनांपैकी एखादाच आपल्यापर्यंत पोहोचतो. २.२ मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशात हेच प्रमाण दहात एकाच्या घरात असते. चार्ल्स टाउन्स यांच्या गटाने १९७० च्या दशकापासून तेथल्या वायूचे वेग मोजून काही दशलक्ष सूर्यांचा अंदाज बांधला होता. पण वायूला तारकीय वारे आणि चुंबकीय क्षेत्रेही ढकलत असल्याने त्यावर कोणी विसंबायला तयार नव्हते. ताऱ्यांना असे ढकलता येत नाही. म्हणून राइनहार्ट गेन्झेल यांच्या गटाने १९९२ पासून चिलीतल्या ला सिया येथील साडेतीन मीटर दुर्बिणीतून आणि आंद्रिया गेझ यांच्या गटाने १९९५ पासून हवाईतल्या दहा मीटर केक दुर्बिणीतून एकेका ताऱ्याची जागा दरवर्षी टिपायला सुरुवात केली. सुरुवातीची रीत कष्टाची होती. वातावरण हलायच्या आत क्षणभराच्या हजारो प्रतिमा घ्यायच्या, प्रत्येक प्रतिमा सरकवून एकावर एक बसवायची आणि उरलेल्या धूसरपणातून तारे वेचायचे.

पुढे अनुकूली प्रकाशिकी आली. होरेस बॅबकॉक यांनी १९५३ मध्ये सुचवलेली ही कल्पना दीर्घकाळ अमेरिकी लष्करी संशोधनाच्या आड वाढली आणि १९९१ मध्ये खुली झाली. एका तेजस्वी ताऱ्याच्या प्रतिमेची थरथर मोजायची आणि सेकंदाला शेकडो वेळा एक लवचीक आरसा नेमका उलट वाकवून ती पुसून टाकायची, असे तिचे काम. जवळ तेजस्वी तारा नसेल तर लेझरने सुमारे ९० किलोमीटर उंचीवरच्या सोडियमच्या थरात कृत्रिम तारा उजळवतात. यामुळे दहा मीटर दुर्बिणीला विकलेच्या विसाव्या भागापर्यंतचे तपशील दिसू लागले.

त्याचे फळ म्हणजे ‘एस २’ हा तारा. २००२ च्या वसंतात तो केंद्रापासून अवघ्या १७ प्रकाशतासांवरून वळला आणि त्याची लंबवर्तुळाकार कक्षा प्रथमच उघड झाली. हा हिशेब वाचकाला स्वतः करता येतो. कक्षेचा अर्धदीर्घाक्ष (लंबवर्तुळाच्या लांब व्यासाचा निम्मा भाग) आकाशात ०.१२५ विकला दिसतो, म्हणजे २७,००० प्रकाशवर्षांवर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १,०३० पट. आवर्तनकाल १६ वर्षे. केप्लरच्या नियमाप्रमाणे १,०३० च्या घनाला १६ च्या वर्गाने भागले की सूर्याच्या जवळपास ४३ लाख पट वस्तुमान येते. यात ताऱ्यांच्या कक्षा कशा असतील याचे एकही गृहीतक नाही. उरते ते एकच, आपले केंद्रापासूनचे अंतर. आणि ताऱ्याचा दृष्टिरेषेतला वेग मोजून तेही याच कक्षेतून काढता येते. १९ मे २०१८ रोजी एस २ पुन्हा केंद्राजवळ आला तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ७,६५० किलोमीटर होता. २०२० चे भौतिकशास्त्राचे अर्धे नोबेल पारितोषिक गेन्झेल आणि गेझ यांना मिळाले, ते या कामासाठी.

एकेक तारा सुटा दिसण्याची ही चैन दूरच्या क्वेसारांच्या बाबतीत शक्य नाही. तेथे १९८२ मध्ये रॉजर ब्लँडफर्ड आणि क्रिस्टोफर मकी यांनी विस्ताराने मांडलेली युक्ती उपयोगी पडली. केंद्रातला प्रकाश वाढला की भोवतालच्या वायूच्या रेषा काही काळाने उजळतात, आणि या विलंबाला प्रकाशवेगाने गुणले की अंतर मिळते. १९८९ मध्ये ‘एनजीसी ५५४८’ या दीर्घिकेसाठी हा विलंब सुमारे २० दिवसांचा निघाला. प्रतिमा सुस्पष्ट असण्याची गरज नसल्याने येथे लहान दुर्बिणीही पुरतात, चिकाटी तेवढी लागते. पण वायूच्या ढगांची रचना ठाऊक नसल्याने सूत्रात एक गुणक घालावा लागतो, आणि तो ठरवण्यासाठी आधार घ्यावा लागतो तो जवळच्या दीर्घिकांत ताऱ्यांवरून काढलेल्या वस्तुमानांचा. अतिदूरच्या क्वेसारांचे आकडे तर एकाच वर्णपटावरून, तेजावरून अंतराचा अंदाज करून काढलेले असतात. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या, विश्व ६७ कोटी वर्षांचे असतानाच्या क्वेसारातले १.६ अब्ज सूर्यांचे कृष्णविवर याच जातीच्या मापातले आहे. अशा मापात दोन-तीन पटींची चूक सहज खपून जाते.

म्हणून ‘ग्रॅव्हिटी’ या उपकरणाचे महत्त्व. ते चिलीतल्या व्हीएलटी (व्हेरी लार्ज टेलिस्कोप) या वेधयंत्रणेच्या चार ८.२ मीटर दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून व्यतिकरणाने, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींवर पडून उमटणाऱ्या नक्षीवरून, विकलेच्या लाखाव्या भागाएवढा सरक ओळखते. २०१८ मध्ये त्याने ३सी २७३ च्या त्याच हायड्रोजन वायूची लाल (दूर जाणारी) आणि निळी (जवळ येणारी) बाजू आकाशात वेगवेगळ्या जागी असल्याचे दाखवले. वायूची त्रिज्या सुमारे १५० प्रकाशदिवस निघाली आणि कृष्णविवराचे वस्तुमान सुमारे २६ कोटी सूर्यांइतके. पुढच्याच वर्षी दीर्घकाळच्या विलंबमापनाने त्याच वायूसाठी सुमारे १४७ दिवस दिले. २०२४ मध्ये सुधारित ग्रॅव्हिटीने अकरा अब्ज वर्षांपूर्वी प्रकाश सुटलेल्या एका क्वेसारातही हीच त्रिज्या थेट मोजली. वस्तुमान ३२ कोटी सूर्यांचे भरले, आणि ज्या दीर्घिकेत ते कृष्णविवर बसले आहे तिच्या मानाने ते अपेक्षेपेक्षा हलके निघाले.