कातळशिल्पं आणि किल्ल्यांचं ड्रोन सर्वेक्षण: परवानगी कुणाची, कागदपत्रं कोणती?

ड्रोनच्या सरकारी हवाई नकाशावर जागा ग्रीन झोनमध्ये म्हणजे हिरव्या पट्ट्यात दिसली की ड्रोन उडवायला मोकळीक मिळाली, असं पुष्कळ जण धरून चालतात. ते फक्त हवाई हद्दीपुरतं खरं. स्मारकाची परवानगी वेगळी असते आणि आधी तीच घ्यावी.

त्यासाठी वास्तू कुणाच्या संरक्षणाखाली आहे ते पाहा. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या किल्ल्यांपैकी रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग केंद्राकडे म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. राजगड, साल्हेर, प्रतापगड राज्य पुरातत्त्व विभागाकडे. पहिल्यांसाठी सर्वेक्षणाच्या त्या भागातल्या मंडळ कार्यालयाच्या अधीक्षक पुरातत्त्वविदांकडे विचारणा करा, दुसऱ्यांसाठी विभागीय सहायक संचालकांकडे. कोकणातली बरीच कातळशिल्पं, म्हणजे खडकात कोरलेली चित्रं, खासगी सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) आहेत. तिथे सातबारा पाहून मालकांचं लेखी संमतिपत्र घ्या. सहहिस्सेदार पुष्कळ असतात, म्हणून हे काम सगळ्यात आधी सुरू करा.

अर्जासोबत संस्थेचं पत्र, सर्वेक्षणाचा उद्देश, क्षेत्राचा नकाशा, उड्डाणाची उंची आणि पथकाची ओळखपत्रं जोडा. तारखांबरोबर वेळही मागून घ्या. कातळशिल्पांच्या रेषा उथळ असतात. भर दुपारी त्या सपाट दिसतात, सकाळच्या तिरप्या उन्हात उठून येतात. पावसाळ्यानंतरचं गवत सुकेपर्यंत थांबलेलं बरं. लागोपाठच्या फोटोंमध्ये ७० ते ८० टक्के ओव्हरलॅप (तोच भाग पुन्हा येणं) लागतो, त्यामुळे फोटो पुष्कळ काढावे लागतात. बॅटऱ्या बदलायलाही वेळ धरा. जमिनीवरच्या नियंत्रण बिंदूंसाठी (नकाशा अचूक बसवायला केलेल्या खुणांसाठी) खिळे ठोकणार नाही, रंग लावणार नाही, हे अर्जात स्पष्ट लिहा. माझ्या मते अर्जातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हेच.

ड्रोन नियम २०२१ नुसार ड्रोनला यूआयएन म्हणजे नोंदणीचा स्वतंत्र ओळख क्रमांक हवा आणि २५० ग्रॅमवरच्या ड्रोनला तृतीय पक्ष विमाही. वैमानिकाचं प्रमाणपत्र १८ ते ६५ वयाच्या दहावी उत्तीर्ण व्यक्तीला मान्यताप्राप्त संस्थेतल्या प्रशिक्षणानंतर मिळतं. २ किलोपर्यंतचा ड्रोन बिगरव्यावसायिक कामासाठी असेल तर या प्रमाणपत्राची सक्ती नाही. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत हवाई परवानगी लागत नाही, पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट होते. रत्नागिरीत तटरक्षक दलाची धावपट्टी आहे, म्हणून तिथे झोनचा नकाशा उड्डाणाच्या दिवशी पुन्हा बघा. जिल्ह्यात ड्रोनबंदीचा आदेश लागू नाही ना, याची पोलीस ठाण्यात खात्री करा आणि उड्डाणाबद्दल त्यांना लेखी कळवा.

फोटो परदेशी सर्व्हरवर चढवून त्रिमितीय मॉडेल करू नका. २०२१ च्या भू-स्थानिक मार्गदर्शक सूचनांनुसार १ मीटरपेक्षा सूक्ष्म आडव्या अचूकतेचा डेटा भारतातच साठवावा आणि प्रक्रियाही इथेच करावी लागते. फोटोग्रॅमेट्रीचा, म्हणजे फोटो जोडून मोजमापासह केलेला, नकाशा त्याहून कितीतरी सूक्ष्म असतो.