खेळला नाही की टिकत नाही? अँथनी डेव्हिसच्या दुखापतींच्या वादातली गल्लत

२ फेब्रुवारी २०२५. आपल्याकडे रविवारची सकाळ, अमेरिकेत शनिवारची मध्यरात्र नुकतीच उलटलेली, आणि बातमी आली की एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये डॅलस मॅव्हरिक्सने लुका डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन अँथनी डेव्हिसला घेतलं. आधी कुणाचा विश्वासच बसेना. तो बसल्यावर जो वाद पेटला तो आजही विझलेला नाही, आणि त्याच्या मुळाशी एकच आरोप आहे: डेव्हिस काचेचा आहे, दुखापती त्याच्या पाचवीला पुजलेल्या आहेत. लेकर्सचे चाहते ‘सुटलो’ म्हणत होते, डॅलसचे ‘बुडालो’ म्हणत होते, आणि दोघांच्याही हातात पुरावा एकच होता, तो म्हणजे त्याने प्रत्येक मोसमात खेळलेल्या सामन्यांचा आकडा.

हा आकडा खरा आहे. पण त्यावरून जो निष्कर्ष काढला जातो तो अनेकदा चुकतो, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली मोजल्या जातात. खेळाडू किती सामने बाहेर बसला, ही पहिली. त्याचं शरीर या खेळाचा ताण सोसायला कमी पडतं का, ही दुसरी. पहिली हजेरीपटावर दिसते, कुणीही मोजावी. दुसरी शोधायची तर प्रत्येक गैरहजेरीमागे जावं लागतं: काय दुखावलं, कसं दुखावलं, तेच पुन्हा दुखावलं का, आणि बाहेर बसण्याचा निर्णय कुणाचा होता.

ज्या मोसमात हा सौदा झाला तोच बघा. २०२४-२५ मध्ये डेव्हिस लेकर्सकडून ४२ आणि डॅलसकडून ९ असे ८२ पैकी ५१ सामने खेळला. डॉन्चिच डॅलसकडून २२ आणि लेकर्सकडून २८ असे ५० सामने खेळला. सौदा झाला त्या रात्री दोघंही जायबंदीच होते. डॉन्चिचची पोटरी नाताळच्या दिवशी मिनेसोटाविरुद्ध ताणली गेली होती, डेव्हिसच्या पोटाचा स्नायू २८ जानेवारीला फिलाडेल्फियात. नुसती हजेरी हाच निकष असेल तर दोघांना एकच शेरा मिळायला हवा. पण काचेचा ठरला तो एकटा डेव्हिस. म्हणजे चाहते फक्त आकडा पाहत नाहीत, मागचा सगळा इतिहास मनात धरून बोलतात. मग तो इतिहासच नीट उलगडून पाहू.

न्यू ऑर्लीन्समधला त्याचा शेवटचा मोसम, २०१८-१९, सामने ५६. हा आकडा दुखापतींच्या यादीत सर्रास धरला जातो. प्रत्यक्षात जानेवारी २०१९ मध्ये त्याने जाहीरपणे बदलीची मागणी केली आणि त्यानंतर संघानेच त्याची मिनिटं कापली, कधी त्याला बाहेर ठेवलं. बोटाला लागलं होतं हे खरं, पण त्या मोसमातल्या अनेक रिकाम्या रकान्यांचा त्याच्या शरीराशी काही संबंध नव्हता. पुढचा मोसम २०१९-२०, सामने ६२. हेही कमी वाटतं, पण करोनामुळे तो मोसम छाटला गेला आणि लेकर्सनेच एकूण ७१ सामने खेळले. त्यानंतर ऑर्लँडोच्या बंदिस्त संकुलात लेकर्सचे प्लेऑफचे, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांचे, २१ सामने झाले. डेव्हिस ते सगळे खेळला आणि लेकर्स विजेते झाले.

आता २०२०-२१, सामने ३६. इथे मात्र त्याची बाजू घेणाऱ्यांनाही थांबावं लागतं. मोसम ७२ सामन्यांचा होता, त्यामुळे निम्मे सामने हुकले. उजव्या पायाची पोटरी आणि टाचेमागचा अकिलीस स्नायुरज्जू यांनी त्याला कित्येक आठवडे बसवलं. प्लेऑफमध्ये फीनिक्सविरुद्ध चौथ्या सामन्यात जांघेचा स्नायू ताणला, पाचवा सामना हुकला, सहाव्यात तो कसाबसा उतरला आणि काही मिनिटांतच बाहेर आला. या तिन्ही ठिकाणी कुणी त्याच्यावर येऊन आदळलं नव्हतं. धावताना, उडी मारताना, वळताना त्याच्याच स्नायूंनी दगा दिला. एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. आधीच्या मोसमाचा शेवटचा सामना ११ ऑक्टोबर २०२० ला झाला आणि नव्या मोसमाचा पहिला २२ डिसेंबरला. एरवी अंतिम फेरी खेळणाऱ्या संघालाही चारेक महिन्यांची उसंत मिळते, इथे जेमतेम सव्वादोन महिने मिळाले.

त्यापुढचा मोसम २०२१-२२, सामने ४०. आकडा जवळपास तसाच, पण आतली गोष्ट निराळी आहे. डिसेंबरमध्ये मिनेसोटात बचाव करताना जेडन मॅकडॅनियल्सचं अंग मागून त्याच्या गुडघ्यावर आलं आणि आतल्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारा बंध, ताणलं. तिथून परतला, तर फेब्रुवारीत यूटाविरुद्ध हवेतला पास झेलून खाली येताना पाऊल नेमकं रूडी गोबेअरच्या पायावर पडलं आणि वेडंवाकडं मुडपलं. हे दृश्य कितीही सावकाश फिरवून पाहिलं तरी त्यात कुठे शरीराचा नाजूकपणा दिसत नाही. सात फुटी माणसाच्या पायावर असं उतरल्यावर कुणाचंही पाऊल मुडपेल. चाहते ३६ आणि ४० एका दमात म्हणतात, कारण ते आकडे शेजारी आहेत. माझ्या मते त्यातला पहिला त्याच्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा आहे आणि दुसरा जवळजवळ पुरावाच नाही.

हा फरक इतका महत्त्वाचा का? कारण स्नायू एकदा फाटला की तिथेच पुन्हा फाटण्याचा धोका वाढतो. पोटरी आणि मांडीच्या मागच्या स्नायूंबाबत क्रीडावैद्यकात यावर बऱ्यापैकी एकमत आहे: पुढच्या दुखापतीचं सर्वांत मोठं लक्षण म्हणजे मागची दुखापत. त्यात वयाची भर पडते. दुसऱ्याच्या अंगाखाली सापडलेला गुडघा मात्र एकदा नीट बरा झाला की पुन्हा तसाच सापडेल असं काही नसतं. म्हणून पुढे काय वाढून ठेवलंय हे जाणून घ्यायचं असेल तर हुकलेल्या सामन्यांच्या बेरजेपेक्षा एकाच जागेवरच्या, कुणाचा धक्का न लागता झालेल्या दुखापती मोजाव्यात. डेव्हिसच्या बाबतीत ती यादी छोटी नाही. पोटरी, अकिलीस, जांघ, सगळं कमरेखालचं.

आणि तरीही २०२३-२४ मध्ये हाच माणूस ८२ पैकी ७६ सामने खेळला, सरासरी ३५ मिनिटांहून जास्त, लेकर्सचा सगळा बचाव एकट्याच्या खांद्यावर घेऊन. त्या वर्षी बचावपटूंच्या पहिल्या संघात आणि एकूण सर्वोत्तमांच्या दुसऱ्या संघात त्याची निवड झाली. पुरस्कारांसाठी किमान ६५ सामन्यांची अट त्याच मोसमात लागू झाली होती. माजी खेळाडू चार्ल्स बार्कलीने टीव्हीवरून त्याला ‘स्ट्रीट क्लोद्स’ हे नाव चिकटवलं होतं, म्हणजे जर्सीऐवजी घरच्या कपड्यांत बाकावर दिसणारा. त्या मोसमात हे नाव सपशेल खोटं ठरलं, पण चिकटलेली नावं सहजासहजी निघत नाहीत.

डॅलसमधला त्याचा पहिला सामना ८ फेब्रुवारी २०२५ ला ह्यूस्टनविरुद्ध झाला. बाहेर चाहते निषेधाचे फलक घेऊन उभे होते. आत डेव्हिसने ३१ मिनिटांत २६ गुण, १६ रिबाउंड, ७ असिस्ट आणि ३ ब्लॉक केले. डॅलसचा तेव्हाचा सरव्यवस्थापक निको हॅरिसनला बचाव आणि उंची हवी म्हणून त्याने हा सौदा केला होता, आणि त्या दुपारी काही काळ तरी तो बरोबर वाटला. मग तिसऱ्या सत्रात डेव्हिसचा हात जांघेकडे गेला. मांडीच्या आतल्या बाजूचा ॲडक्टर स्नायू ताणला होता. तो परतला थेट २४ मार्चला.

पोटाचा स्नायू ताणल्यापासून जांघ जाईपर्यंत अकरा दिवस. हजेरीपटावर या दोन दुखापती आहेत. पण पोटाचा सरळ स्नायू आणि मांडीचा ॲडक्टर, दोघंही जघनास्थीपाशी येऊन मिळतात, आणि एक कमकुवत असला की त्याचा ताण दुसऱ्यावर जातो. त्यामुळे हे एकाच दुखण्याने दोनदा डोकं वर काढलं असं म्हणणं मला जास्त पटतं. डॅलसचे चाहते त्या दिवशी ‘बघा, पहिल्याच सामन्यात मोडला’ म्हणाले. मला विचारावासा वाटणारा प्रश्न वेगळा आहे: आधीची दुखापत पूर्ण भरली होती का? त्याच्या शरीराबद्दलचा निकाल त्या उत्तरावर बराच अवलंबून आहे.

उलट बाजूने पाहायचं तर कावाय लेनर्ड. २०१८ च्या जुलैत सॅन अँटोनियोने त्याला टोरंटोला दिलं, तेव्हा मांडीच्या स्नायूमुळे आधीच्या मोसमात तो फक्त ९ सामने खेळलेला होता. टोरंटोने त्याला ८२ पैकी ६० सामने खेळवलं आणि बाकी बहुतेक वेळा ठरवून बसवलं. लोड मॅनेजमेंट हा शब्द घरोघरी पोहोचला तो त्याच मोसमात. त्या २२ गैरहजेऱ्यांपैकी बहुतेक दुखापतीच्या नव्हत्या, दुखापत टाळण्यासाठीच्या होत्या. मग प्लेऑफचे २४ सामने तो खेळला, टोरंटो विजेते झाले आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. पण त्याच लेनर्डच्या गुडघ्याचं लिगामेंट जून २०२१ मध्ये गेलं आणि पुढचा अख्खा मोसम वाया गेला. टोरंटोच्या वर्षात हजेरी कमी होती, फळ भरपूर मिळालं, आणि गुडघ्याखालची जमीन तेव्हाही फारशी पक्की नसावी. यातलं एकावरून दुसरं सिद्ध होत नाही.

हजेरीही फसवी असू शकते. मिकल ब्रिजेस हा खरोखर काटक खेळाडू. २०२२-२३ मध्ये फीनिक्सने त्याला केव्हिन ड्युरंटच्या बदल्यात ब्रुकलिनला दिलं आणि दोन संघांची वेळापत्रकं जुळून आल्यामुळे तो ८२ च्या मोसमात ८३ सामने खेळला. त्यातल्या शेवटच्या सामन्यात मात्र तो चार सेकंद उतरला, मुद्दाम फाउल केला आणि बाहेर गेला, सलग सामन्यांची मालिका तुटू नये म्हणून. ब्रिजेसच्या काटकपणाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण ते चार सेकंद हजेरीपटावर एक पूर्ण सामना आहेत.

या सगळ्यात मला सर्वांत हळहळ वाटते ती ग्रँट हिलबद्दल. २००० साली मोडक्या घोट्यासह तो डेट्रॉइटहून ऑर्लँडोला गेला. पहिल्या मोसमात ४ सामने, दुसऱ्यात १४, तिसऱ्यात २९, चौथ्यात शून्य. मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर झालेल्या जंतुसंसर्गाने जिवावरच बेतलं होतं. चार वर्षांत ४७ सामने खेळलेल्या माणसाला कायमचा जायबंदी म्हणायला कुणी कचरलं नाही. पण ती एकाच घोट्याची, पुन्हा पुन्हा उघडलेली गोष्ट होती. घोटा अखेर नीट बसला, आणि २००८-०९ मध्ये फीनिक्सकडून, वयाच्या ३६ व्या वर्षी, तो सगळेच्या सगळे ८२ सामने खेळला. हजेरीपट वाचून हे कुणाला सांगता आलं असतं?

संघ मात्र हजेरीपटावर कधीच थांबत नाहीत. सौदा झाला तरी वैद्यकीय तपासणी होईपर्यंत तो पक्का नसतो. डेव्हिस डॅलसकडून पहिल्यांदा खेळला त्याच दिवशी लेकर्सने शार्लटच्या मार्क विल्यम्सचा सौदा तपासणीत बसला नाही म्हणून रद्द केला. २०१७ मध्ये बॉस्टनने क्लीव्हलंडला दिलेल्या आयझाया थॉमसचा खुबा क्लीव्हलंडच्या डॉक्टरांनी पाहिला, तेव्हा बॉस्टनला दुसऱ्या फेरीचा आणखी एक पिक, म्हणजे नवा खेळाडू निवडण्याचा हक्क, द्यावा लागला. आदल्या मोसमात थॉमस ७६ सामने खेळला होता. हजेरी उत्तम होती, पण खुबा गेलेला होता. क्लीव्हलंडसाठी तो १५ सामनेच खेळू शकला.

म्हणूनच डॅलसच्या निर्णयाबद्दल माझी तक्रार चाहत्यांपेक्षा थोडी वेगळी आहे. त्यांनी ३१ वर्षांचा, कमरेखालच्या स्नायूंचा जुना इतिहास असलेला खेळाडू घेतला आणि २५ वर्षांचा दिला. डॉन्चिचच्या पोटरीची आणि वजनाची त्यांना चिंता होती, आणि पुढे त्याला सुमारे ३४ कोटी ५० लाख डॉलरचा करार द्यावा लागला असता. ही काळजी रास्तच होती. पण तीच फूटपट्टी डेव्हिसला लावली असती तर ती चिंता दुपटीने वाढायला हवी होती. डॉन्चिचने आधीच्या सहा मोसमांत एकदाही ६० पेक्षा कमी सामने खेळले नव्हते, आणि सौद्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याने वजनही उतरवून दाखवलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये डेव्हिसची पोटरी ताणली, या वेळी डाव्या पायाची, नोव्हेंबरमध्ये हॅरिसनची नोकरी गेली, जानेवारीत डेव्हिसच्या हाताचं लिगामेंट दुखावलं आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये डॅलसने त्याला वॉशिंग्टनला देऊन टाकलं. डॅलसकडून एकूण सामने २९. चाहते हा आकडा आता कायम सांगत राहतील. वॉशिंग्टनच्या डॉक्टरांनी मात्र हाताचं लिगामेंट बाजूला ठेवून ऑक्टोबरच्या पोटरीचा एमआरआय आधी उघडावा. २०२१ मध्येही पोटरीनेच त्याला बसवलं होतं, तेव्हा उजव्या.