यल्लाप्पा हे नाव आलं कुठून

माझं नाव यल्लाप्पा. पुण्यात कामाला लागलो तेव्हा नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, तुम्ही कानडी का? आणि बेंगळुरूला गेलो की तिथली माणसं नाव ऐकून सरळ कन्नडमध्ये सुरू व्हायची, मग आडनावाच्या शेवटी 'कर' ऐकलं की थांबायची. घरात आमच्या मराठी, शाळा मराठी, देवळात एकादशीला तुकोबांचे अभंग, आणि नाव मात्र हे. ह्या नावामागं काय काय आहे ते एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी शेवटचा तुकडा घेऊ, तो सोपा आहे. अप्पा म्हणजे कानडीत बाप. पण आमच्या बेळगाव भागातल्या मराठी घरातसुद्धा बापाला अप्पा म्हणतात, थोरल्या भावाला अण्णा, बहिणीला अक्का, त्यामुळे हा शब्द बाहेरून आलाय असं कुणाला वाटतच नाही. देवाचं नाव घ्यायचं आणि पुढं अप्पा लावायचं, झालं नाव तयार. मल्लिकार्जुनावरून मल्लाप्पा, कलमेश्वरावरून कल्लाप्पा, नागावरून नागाप्पा. त्याच गल्लीत वैजनाथाचा वैजू असतो, रवळनाथाचा रवळू असतो, भरमा असतो, सातेरी ह्या देवीच्या नावाचे बाप्येही असतात. गावाबाहेर ही नावं ऐकून लोक भाषा ठरवतात, गावात कुणी ठरवत नाही.

यल्ला म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीच्या डोंगरावरची यल्लम्मा देवी. हीच रेणुका, जमदग्नीची बायको आणि परशुरामाची आई. ती रोज नदीवर जायची, वाळूचा घडा करायची, सापाची चुंबळ करून तो डोक्यावर आणायची, एक दिवस मन विचलित झालं आणि घडा टिकला नाही, मग जमदग्नीच्या रागापायी मुलानंच आईचं मुंडकं उडवलं आणि पुन्हा बापाकडूनच वर मागून तिला जिवंत करून घेतलं. त्यामुळे आमच्याकडं एकाच घरात यल्लाप्पा, परशराम, रेणुका, यल्लुबाई अशी सगळी नावं सापडतात, ती सगळी एकाच डोंगरावरून आलेली. ते देऊळ रायबागच्या बोमप्पा नायकानं १५१४ साली बांधलं असं सांगतात. पायथ्याला मलप्रभा, ती उगम पावते खानापूर तालुक्यात कणकुंबीला, म्हणजे मराठी गावांच्या रानातनं निघालेलं पाणी खाली सौंदत्तीला आईच्या पायाशी जातं, आणि तिथं धरणाच्या पाण्याला नावही रेणुकासागरच आहे. मला हे फार आवडतं. जोगुळभावीत आंघोळ करायची, मग डोंगर चढायचा, परडी भरायची, भंडारा कपाळभर, आणि उदं गं आई उदं म्हणताना शेजारचा कुठल्या भाषेत उदं म्हणालाय ते ओळखूच येत नाही, कारण शब्द तोच आहे.

ह्याच आईच्या नावानं पोरींना सोडायचे, देवदासी करायचे. कर्नाटकात १९८२ साली त्याविरुद्ध कायदा झाला. ज्या नावाचा मला अभिमान आहे त्याच नावानं किती बायकांची आयुष्यं वाया गेली हे लिहिल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही.

आता अर्थ. कानडीत 'एल्ला' म्हणजे सगळे, म्हणून यल्लम्मा म्हणजे सगळ्यांची आई, हा अर्थ डोंगरावर कुणालाही विचारा, सांगतील. दुसरा एक अर्थ आहे तो मला बऱ्याच उशिरा कळला. कानडीत 'एल्ले' म्हणजे सीमा, हद्द. तमिळमध्येही 'एल्लै' म्हणजे सीमाच, आणि तिकडं गावाची हद्द राखणारी एल्लै अम्मन देवी आहे. काही लोक यल्लम्माचं नाव तिथून काढतात, म्हणजे सीमेवरची आई. कुठला अर्थ खरा ते भाषेचे जाणकार बघतील, पण सीमाभागात जन्मलेल्या माणसाच्या नावात सीमा निघावी हे वाचून मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो.

नाव आजोबांचं. मी जन्मायच्या आधी ते गेले आणि आज्जीनं हट्टानं तेच नाव माझ्या बारशाला ठेवायला लावलं. त्यांनी नाव न बदलता तीन राज्यं बघितली. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, १ नोव्हेंबर १९७३ ला म्हैसूरचं कर्नाटक झालं. (बेळगावचं बेळगावी झालं तेही १ नोव्हेंबरलाच, २०१४ ला, ते बघायला आजोबा नव्हते.) चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता, तो तेवढा कोल्हापूरला जोडला, त्यामुळे आमचे निम्मे पावणे हद्दीच्या पलीकडं राहिले आणि तिकडंही यल्लाप्पा आहेतच.

नावाचं स्पेलिंग हा वेगळा ताप. कानडीत ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए अशी दोन वेगळी अक्षरं आहेत, मराठीत एकच ए. मग तो आखूड ए देवनागरीत कुणी य लिहितो, कुणी ये, कुणी ए. कानडीतला आखूड 'अप्प' मराठीत लांबून 'आप्पा' होतो. माझ्या दाखल्यावर यल्लाप्पा आहे, रेशन कार्डावर यल्लप्पा आणि बँकेत येल्लप्पा.

पण एवढं हट्टानं ठेवलेलं नाव आज्जीनं कधी उच्चारलं नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ना. आईनंही नाही, तिच्या सासऱ्याचं ते. घरात मी बाळू. हे नाव पहिल्यांदा मोठ्यानं ऐकलं ते पहिलीत हजेरीला, आणि मला हाक आहे हे कळायलाच वेळ लागला. आज्जी तर यल्लम्माचं नावसुद्धा घ्यायची नाही, त्यात नवऱ्याचं येतं म्हणून, ती म्हणायची डोंगरावरची आई.

पुढं एकदा तिच्या पेन्शनच्या कामाला तिला घेऊन एका ऑफिसात गेलो होतो. खिडकीतल्या माणसानं विचारलं, आज्जी, नवऱ्याचं नाव काय? ती गप्प. त्यानं परत विचारलं. मग तिनं माझा दंड धरून मला पुढं केलं आणि म्हणाली, ह्याचं हाय तेच, ह्याला इचारा.

मी माझं नाव सांगितलं.