‘अल्पशा आजाराने’ : गोळ्यांच्या एका ढिगामागची गोष्ट

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये चकचकीत रंगीत कागदातल्या गोळ्यांचा एक ढीग आहे. वाटलं तर एक उचलावी, तोंडात टाकावी. त्याचा फोटो दाखवला की पुण्यातली आपली माणसं हमखास विचारतात, “यात कला ती कुठली?” प्रश्न रास्त आहे. उत्तर आहे ते ढिगाच्या वजनात.

हे वजन ठरलंय १७५ पौंड, साधारण ७९ किलो. तांदळाची २५ किलोची तीन पोती आणि वर चार किलो. धडधाकट पुरुषाचं वजन. क्युबात जन्मलेल्या, न्यूयॉर्कमध्ये घडलेल्या फेलिक्स गोन्झालेस-टोरेस यांनी हे काम १९९१ साली केलं आणि शीर्षकात म्हटलं, हे रॉसचं व्यक्तिचित्र. रॉस लेकॉक हा त्यांचा जोडीदार. त्याच वर्षी तो एड्सने गेला होता. या आजारात माणूस डोळ्यांदेखत वाळत जातो. इथे येणारा-जाणारा एकेक गोळी नेतो, ढीग उतरत जातो, आणि पुन्हा भरता येतो. रॉसला मात्र कुणी भरून काढू शकलं नाही.

अमेरिकेत या आजाराची पहिली सरकारी नोंद ५ जून १९८१ची, लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांची. पुढची कित्येक वर्षं हा ‘त्यांचा’, म्हणजे समलैंगिकांचा, रोग मानला गेला. १९८७ साली तर समलैंगिकतेला उत्तेजन देईल अशा एड्स-प्रबोधनाला सरकारी पैसा द्यायचा नाही, असं कलम सिनेटर जेसी हेल्म्स यांनी मंजूर करून घेतलं. अशा दिवसांत फेलिक्स यांनी जोडीदाराचं नाव उघड घेतलं. ते स्वतः ९ जानेवारी १९९६ला एड्सनेच गेले, अवघे ३८ वर्षांचे. एकत्रित औषधोपचाराने माणसं जगतात, हे त्याच वर्षीच्या जुलैत व्हँकूव्हरच्या परिषदेत जगापुढे आलं.

आपल्याकडे १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन यांच्या चमूने पहिले संसर्ग शोधले. १९९२ साली भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. म्हणजे संशोधन आपल्या शहरात होतं, पण घराघरांत शब्द उच्चारला जात नव्हता. आमच्या वाड्यातला एक तरुण दोन वर्षं आजारी होता. शर्ट ढगळ व्हायला लागले तशी त्याची आई ते उसवून पुन्हा आत घ्यायची, रात्री, दार लावून. पेपरातल्या निधनवार्तेत छापून आलं, ‘अल्पशा आजाराने’. दोन वर्षांचा आजार अल्पसा! सरकारी दवाखान्यांतून मोफत औषधं मिळू लागली ती १ एप्रिल २००४पासून. त्याला ती मिळाली नाहीत.

आपला आजार सांगायचा की नाही, हा ज्याचा त्याचा हक्क. एचआयव्ही-एड्सबद्दलचा २०१७चा कायदा तेच म्हणतो, आणि ते योग्यच आहे. पण फेलिक्स यांनी सांगितलेलं दुसऱ्या कुणी झाकावं, हे मला मान्य नाही. २०२२ साली नेमकं तेच झालं. शिकागोतल्या त्या ढिगाशेजारच्या नव्या पाटीवर प्रौढ पुरुषाचं सरासरी वजन तेवढं उरलं. शीर्षकात रॉस होता, पण तो कोण आणि कशाने गेला, ते गायब. लोकांनी ओरड केली. मग पाटी बदलली, आणि रॉस आणि एड्स हे दोन्ही शब्द तिच्यावर परत आले.