अ‍ॅरे तोच, आकडे तेच, मग मॅट्रिक्स आडवी कशी झाली?

मॅटलॅबमध्ये मॅट्रिक्स बनवली, फाइलमध्ये सेव्ह केली, पायथनमध्ये उघडली आणि बघतो तर रो होते तिथे कॉलम आणि कॉलम होते तिथे रो. आकडा एकही हरवलेला नाही, बदललेलाही नाही, फक्त सगळी मॅट्रिक्स आडवी. दोन भाषांमध्ये डेटाची ने-आण करणाऱ्या बहुतेकांना हे कधी ना कधी दिसतंच, आणि यात दोघींपैकी कुठल्याच भाषेची चूक नसते.

मुळात कॉम्प्युटरच्या मेमरीत रो-कॉलम असं काही नसतंच, तिथे एकामागोमाग एक बाइट्सची सरळ लांब रांग असते, बाकी सगळी आपली समजूत. पहिल्या रोमध्ये १, २, ३ आणि दुसऱ्या रोमध्ये ४, ५, ६ अशी मॅट्रिक्स घ्या. सी भाषा ती १ २ ३ ४ ५ ६ अशी मांडते. फोरट्रान मात्र आधी पहिला कॉलम उतरवणार, मग दुसरा, म्हणजे १ ४ २ ५ ३ ६. फोरट्रान आयबीएमने १९५७ मध्ये आणली, सी त्यानंतर साधारण पंधरा वर्षांनी आली, आणि दोघींनी आपापली पद्धत कायम ठेवली. मॅटलॅबची सुरुवात कशी झाली तर क्लीव्ह मोलर यांना आपल्या विद्यार्थ्यांना फोरट्रान न लिहिता फोरट्रानच्या लायब्रऱ्या वापरता याव्यात असं वाटलं म्हणून, त्यामुळे तिथे कॉलमची पद्धत आपोआपच आली. आर आणि ज्युलिया या भाषाही त्याच बाजूच्या. पायथनमध्ये अ‍ॅरे, म्हणजे आकड्यांच्या मांडण्या, हाताळायला वापरतात ते नमपाय हे पॅकेज सीमध्ये लिहिलेलं, ते रोच्या बाजूचं.

पण नमपाय हट्टी नाही. ते प्रत्येक अ‍ॅरेसोबत एक छोटीशी नोंद ठेवतं, पुढच्या कॉलमवर जायला किती बाइट उडी मारायची आणि पुढच्या रोवर जायला किती, याला स्ट्राइड म्हणतात. आपल्या वरच्या मॅट्रिक्समध्ये प्रत्येक आकडा ८ बाइटचा असेल तर सीच्या मांडणीत पुढचा कॉलम ८ बाइटवर आणि पुढचा रो २४ बाइटवर, फोरट्रानच्या मांडणीत पुढचा रो ८ वर आणि पुढचा कॉलम १६ वर. म्हणून नमपायमध्ये ट्रान्सपोज केलं, म्हणजे रोचे कॉलम आणि कॉलमचे रो केले, की कितीही मोठी मॅट्रिक्स असो, क्षणात होतं, कारण डेटा जागचा हलतच नाही, फक्त उड्यांच्या नोंदीची अदलाबदल होते. मला हा भाग फार आवडतो.

आता आडव्या मॅट्रिक्सचं कोडं. मॅट फाइल, म्हणजे मॅटलॅबची स्वतःची डेटा फाइल, ७.३ आवृत्तीची असेल तर आतून एचडीएफ५ या फाइल फॉरमॅटमध्ये असते, आणि एचडीएफ५ची लायब्ररी सीच्या पद्धतीची. मॅटलॅब आपला डेटा आहे त्याच क्रमाने लिहून टाकतं आणि आकाराची नोंद उलटी करतं, त्यामुळे पायथनमधून ती फाइल एच५पाय ही लायब्ररी वापरून उघडली की सगळ्या मिती उलट्या दिसतात. जुन्या मॅट फाइली सायपाय या पायथनच्या पॅकेजने वाचल्या तर असं होत नाही, तिथे वाचणाऱ्याला समोर कोण आहे ते माहीत असतं. (पण तिथे दुसरी गंमत आहे, मॅटलॅबमध्ये सगळं किमान दोन मितींचं असतं, त्यामुळे साधी आकड्यांची यादीसुद्धा एका रोची मॅट्रिक्स होऊन येते.)

खरा धोका चौरस मॅट्रिक्सचा. ३ बाय ४ ची मॅट्रिक्स उलटली तर पुढच्या गुणाकारात आकार जुळत नाहीत आणि प्रोग्रॅम बोंब मारतो, ते बरं. १०० बाय १०० ची उलटली तर कोणीच काही बोलत नाही, उत्तर येतं, ग्राफ निघतो आणि सगळं चुकलेलं असतं. त्यामुळे ने-आण तपासायची तर २ बाय ३ ची, सगळे आकडे वेगवेगळे असलेली मॅट्रिक्स पाठवून बघावी, चौरस कधीच नको.

क्रमाचं जमलं की आकड्यांच्या जातीचं बघायचं. दशांशाच्या आकड्यांसाठी १९८५ पासून आयईईई ७५४ हे स्टँडर्ड आहे त्यामुळे तिथे भांडणं कमी. पूर्णांकांचं तसं नाही. मूळ आरमध्ये ६४ बिटचा पूर्णांक नाहीच, तो आला की बहुतेक वेळा दशांश आकडा करून ठेवतात आणि त्यात दोनच्या ५३व्या घातापर्यंतचेच, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचेच सगळे पूर्णांक नेमके बसतात, लांबलचक आयडी नंबर असतील तर शेवटचा अंक गुपचूप बदलतो. आणि आरमधली गाळलेली नोंद, म्हणजे एनए, दशांश आकड्यांत कशी ठेवतात माहितीये? ती एक खास नॅन ('हा आकडाच नाही' असं सांगणारी खूण) असते, जिच्या बिट्समध्ये १९५४ हा आकडा लपवलेला असतो! पायथनला ही खूण कळत नाही, त्याला ती साधी नॅन वाटते, आणि 'मोजलंच नाही' आणि 'गणित फसलं' यातला फरक पुसला जातो.

यावर लोकांचं ठरलेलं उत्तर, सीएसव्ही करा ना, म्हणजे स्वल्पविराम टाकून आकडे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा. छोट्या डेटाला चालेल, पण दुहेरी अचूकतेचा (म्हणजे ६४ बिटचा) दशांश आकडा टेक्स्टमधून जसाच्या तसा परत यायला १७ अंक लागतात, आणि आरचं नेहमीचं फंक्शन १५ लिहितं, मॅटलॅबचं जुनं सीएसव्हीराइट तर फक्त ५. शिवाय तीन मितींचा अ‍ॅरे सीएसव्हीत कसा भरणार? त्यापेक्षा स्वतःचं वर्णन सोबत घेऊन फिरणारी फाइल बरी. नमपायची एनपीवाय फाइल उघडून बघा, सुरुवातीलाच वाचता येईल अशा शब्दांत लिहिलेलं असतं की आकड्यांची जात कुठली, आकार किती आणि क्रम फोरट्रानचा आहे की नाही. मोठ्या कामाला एचडीएफ५, टेबलसारख्या डेटाला २०१६ पासूनचं अपाचे अ‍ॅरो. आणि दोन्ही भाषा एकाच प्रोसेसमध्ये असतील तर फाइलच नको, मेमरीचा पत्ता आणि वर्णन दिलं की झालं, फक्त ती मेमरी शेवटी मोकळी कोण करणार हे आधी ठरवायला लागतं.

इन्स्टॉल करतानाची डोकेदुखी वेगळी वाटते पण मूळ तेच, दोन बाजूंची न लिहिलेली समजूत. पायथन, आर, ज्युलिया, मॅटलॅब, वर काहीही वापरा, खाली मॅट्रिक्सचा गुणाकार ब्लास नावाच्या लायब्ररीतच होतो. तिची पहिली पातळी १९७९ मधली, मॅट्रिक्स-मॅट्रिक्स गुणाकाराची तिसरी पातळी १९९० ची, आणि तिच्यावर उभं असलेलं, समीकरणं वगैरे सोडवणारं लॅपॅक १९९२ चं. फंक्शनांची नावं ठरलेली, पण आतला कोड अनेकांनी लिहिलाय, ओपनब्लास (हे काझुशिगे गोटो यांच्या गोटोब्लासमधून आलं), इंटेलचं एमकेएल, अ‍ॅपलचं अ‍ॅक्सेलरेट. नमुन्यादाखल लिहिलेल्या साध्या (रेफरन्स) ब्लासपेक्षा हे कितीतरी पट वेगवान, आणि आर स्वतः साधंच घेऊन येतं, त्यामुळे फक्त ब्लास बदलून आरचा कोड पळायला लागलाय असं खरंच होतं.

पूर्वी पिपने (हे पायथनची पॅकेजेस टाकायचं साधन) सायपाय टाकायचं म्हणजे मशीनवर फोरट्रानचा कंपायलर लागायचा आणि तो नसला की स्क्रीनभर लाल एरर. कंपाइल करून ठेवलेली व्हील पॅकेजेस आली, २०१६ मध्ये लिनक्ससाठीही मेनीलिनक्स या नावाने तशीच सोय झाली, आता ओपनब्लास पॅकेजच्या पोटातच येतं. कोंडा हे दुसरं साधन हेच वेगळ्या पद्धतीने करतं, सगळ्यांसाठी एकच सामायिक ब्लास ठेवतं. दोन्ही चांगले, पण एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये दोघांची खिचडी केली की एका प्रोसेसमध्ये दोन ब्लास, आणि दोघंही सगळे कोअर आपलेच समजून थ्रेड काढतात.

त्याहून वाईट म्हणजे एक ब्लास आकार ३२ बिटच्या पूर्णांकात मोजतो आणि दुसरा ६४ बिटच्या, पण फंक्शनचं नाव दोघांकडे तेच. ज्युलियामधून पायथन बोलावलं आणि चुकीच्या ब्लासचं फंक्शन हाताला लागलं की एरर नाही, काही नाही, थेट क्रॅश. म्हणून ज्युलियाने आपल्या ब्लासमधल्या नावांपुढे ६४ ची शेपटी लावली. नमपाय २.० जून २०२४ मध्ये आलं तेव्हाही असाच गोंधळ, १.० आलं होतं २००६ मध्ये, मधल्या काळात जुन्या नमपायवर कंपाइल केलेली ढीगभर पॅकेजेस नव्यावर चालेनात. नव्यावर कंपाइल केलेली जुन्यावर चालतात, उलटं नाही, म्हणून नमपाय अपग्रेड करण्याआधी बाकीच्या पॅकेजेसनी २.० ला सपोर्ट दिलाय का ते बघून घ्यायचं.

आणि सगळं नीट बसल्यावरही दोन मशीनवर उत्तराचा पंधरावा-सोळावा अंक वेगळा आला तर घाबरू नका, दशांश आकड्यांची बेरीज कुठल्या क्रमाने केली यावर तो अंक ठरतो आणि प्रत्येक ब्लासचा, कधीकधी प्रत्येक थ्रेड-संख्येचा क्रम वेगळा असतो. नमपायमध्ये शो कॉन्फिग, आरमध्ये सेशन इन्फो चालवलं की खाली कुठला ब्लास बसलाय ते कळतं, आणि दोन अ‍ॅरे तंतोतंत सारखे आहेत का असं विचारण्याऐवजी ऑलक्लोज वापरून पुरेसे जवळ आहेत का असं विचारावं.